सायकल न येणारी नरसक्का

नरसक्काला सायकल येत नव्हती. हे आधीच सांगून टाकते. कारण आमच्या गल्लीत वाढलेल्या कुठल्याही पोराला विचारा, सायकल कुणी शिकवली, तर ते नरसक्काचं नाव घेईल, आणि ऐकणाऱ्याला वाटेल बाई मोठी सायकलवाली असणार. तसं काही नव्हतं. तिचा पाय कधी पायडलवर पडला नाही. मी एकदा तिला तोंडावर विचारलं, "तुला स्वतःला येत नाही, आणि लोकांच्या पोरांना काय शिकवतेस?"

मांडीवरच्या सुपातून मान वर न करता ती म्हणाली, "मी विडी ओढते का? वळते की."

मी परत भाकरी थापायला गेले.

नरसक्का आमच्या समोर राहायची. सोलापूरच्या पूर्व भागात आमची गल्ली आहे. एका घरात माग खडखडतो, शेजारच्या घरात विड्या वळतात, आणि दोन्ही घरांत तेलुगू बोलतात. मधूनमधून आमच्यासारखी मराठी घरं आहेत, दोन-तीन मुसलमानांची आहेत. मी कडक भाकरी करून विकते, त्यामुळं माझा दिवस चुलीपुढं जातो, आणि चुलीपुढून बाहेर बघितलं की समोर नरसक्काचा उंबरा दिसतो. इतकी वर्षं मी भाकरी थापत आले आणि ती विड्या वळत आली. तिला बघायला मला वेगळं जावं लागलं नाही.

ती बुटकी, रुंद बाई. दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. सकाळी अंघोळ केली की डोक्यात फूल घालणार आणि उंबऱ्यावर बसणार. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पान कापायचं, तंबाखू घालायची, वळायचं, टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. हे सगळं तिचे हात करायचे, डोळे नाहीत. डोळे गल्लीत. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत काय आहे, सगळं तिला ठाऊक. तोंडही मोकळंच असायचं, आणि ते ती वाया जाऊ द्यायची नाही. तिचा आवाज एवढा मोठा, की चार माग चालू असले तरी गल्लीच्या टोकाला पोचायचा. हळू बोलणं तिला जमत नव्हतं. कुणाची चहाडी करायची असली तरी सगळ्या गल्लीला ऐकू जायची, ज्याची चहाडी त्यालाही.

तिचं मराठी तिच्या पद्धतीचं होतं. "माझा गुडघा दुखते," म्हणायची. चूक दाखवली तर म्हणायची, "दुखते ते दुखते. गुडघ्याला मराठी येत नाही." विडी कारखान्यात माल द्यायला गेलं की तिथला तपासणारा खराब विड्या बाजूला काढतो, त्याला छाट म्हणतात. हा शब्द तिनं कारखान्यातून उचलला आणि सगळ्या जगाला लावला. जावई छाट. नगरसेवक छाट. माझ्या पहिल्या तव्यावरची भाकरी छाट. एखाद्या पोराला सायकल येईना तर "हे अजून छाट आहे, पण निघंल चांगलं," असं ती त्याच्या आईच्या देखत सांगायची.

शिकवायची पद्धत अशी. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही. आपला जाड, लांब टॉवेल पोराच्या काखेखालून छातीला लावायचा आणि दोन्ही टोकं पाठीमागं आपल्या मुठीत धरायची. सायकलला हात लावायचा नाही. ती म्हणायची, सायकल धरली तर सायकल शिकते, पोरगं शिकत नाही. मग पोर पायडल मारणार आणि ही बाई साडी खोचून मागं पळणार, तोंडानं ओरडत, "तोक्कु! तोक्कु!" तेलुगूत सायकलचं पायडल मार म्हणायला तोक्कु म्हणतात. आमच्या गल्लीतल्या मराठी, मुसलमान, कानडी कुठल्याच पोराला तेलुगू येत नाही, पण हा एक शब्द सगळ्यांना येतो.

पोरींना ती आधी घ्यायची. पोरं आपली आपण पडून शिकतात, पोरीला कुणी पडू देत नाही, म्हणून ती राहते, असं तिचं म्हणणं. खरं कारण तिनं मला एकदा सांगितलं. तिचा नवरा मिलला सायकलवर जायचा आणि सुट्टीला तिला मागच्या कॅरिअरवर बसवून फिरवायचा.

"मग चांगलं की," मी म्हटलं.

"काय चांगलं? पुढचं काय दिसते? त्याची पाठ. खड्डा आला ते मला पडल्यावर कळायचं."

माझ्या सुनीलला तिनंच शिकवलं, आणि तेही आम्ही दोघी बोलत नसताना. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी सगळी गल्ली पिंपं आणि पाइप घेऊन रस्त्यावर. तिचा पाइप माझ्या दारातून गेला होता आणि त्याच्या गळतीनं माझं पिठाचं पोतं खालून भिजलं. मी पाइप लाथेनं उडवला. ती बोलली, मी बोलले, आणि मग कितीतरी दिवस बोलणं बंद. पण सुनीलला टॉवेल लावून पळवणं तिनं थांबवलं नाही. माझ्याच दारासमोरून पळायची आणि माझ्याकडं बघायची नाही. पाणी सुटलं की मी दारात उभी असताना ती सुनीलला सांगायची, "सुनील, तुझ्या आईला सांग, पाणी आलंय."

मी म्हणायची, "सुनील, तिला सांग, मला दिसतंय."

"सुनील, तुझ्या आईला सांग, पिंपाला झाकण नाही."

"सुनील, तिला सांग, झाकण तिच्या तोंडाला लाव म्हणावं."

सुनील बिचारा मध्ये सायकलवर, काखेत टॉवेल, पळूनही जाता येत नव्हतं.

त्याच दिवसांत एकदा ती सुनीलच्या मागं टोकापर्यंत पळाली, आणि इकडं शेजारच्यांच्या शेळीनं तिची कापून ठेवलेली पानं खाल्ली. कारखान्याचं पान तोलून देतात, त्यातून विड्या कमी भरल्या तर बोलणी खावी लागतात. कारखान्यातला कारकून म्हणाला, शेळी-बिळी काही सांगू नको, पानं विकलीस तू. दुसऱ्या दिवशी नरसक्का शेळीला दोरी लावून कारखान्यात घेऊन गेली आणि त्याच्या टेबलापुढं उभी केली. "विचार तिला," म्हणाली. शेळीनं टेबलावरची दोन पानं तिथंच ओढून खाल्ली म्हणतात. कारकुनानं हात जोडले. सुनीलला मात्र ती एका शब्दानं बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी परत टॉवेल घेऊन हजर.

आमचं बोलणं सुरू झालं ते मला ताप आला तेव्हा. भाकरीची मागणी होती आणि मला उठवत नव्हतं. नरसक्का न बोलता आत आली, परात ओढली आणि थापायला लागली. ती भात खाणारी बाई, कडक भाकरी तिला काय जमणार? एवढ्या जाड भाकरी, कडा फुटलेल्या. मी पडून बघत होते, शेवटी राहवलं नाही. "असली भाकरी कुत्रं तरी खाईल का?" म्हटलं.

ती परातीवरून माझ्याकडं वळली. "बोलली!" म्हणाली, आणि हात धुऊन निघून गेली. बाकीच्या भाकरी मलाच उठून कराव्या लागल्या.

आता सुनीलच्या लेकीकडं येते. आराध्या तिचं नाव, आम्ही आरू म्हणतो. सहाव्या वर्षात आहे. तिला दिवाळीला सायकल आणली, गुलाबी, पुढं टोपली, मागच्या चाकाला दोन्हीकडं छोटी चाकं. त्या छोट्या चाकांवर ती गल्लीभर खडखडत फिरायची. तोवर ठीक होतं. मग तिच्या बरोबरीच्या पोरांची छोटी चाकं निघाली. ती पोरं संध्याकाळी एका ओळीत सायकली काढून मागच्या मैदानावर जायची, आणि आरू मागं पडायची. मैदानात खाचखळगे, छोटं चाक खळग्यावर अधांतरी राहिलं की मागचं चाक जागीच फिरायचं. गल्लीतला सोहेल तिला ओरडायचा, "ओ चारचाकी! तेरेको ड्रायव्हर लगता क्या?" ती घरी यायची, सायकल भिंतीला लावायची आणि काही न बोलता आत बसायची. मला रडणारी पोरं परवडतात, गप्प बसणारी नाही.

नरसक्का उंबऱ्यावरून हे सगळं बघत होती. "चाकं काढ," तिनं सुनीलला सांगितलं. "मी आहे की."

पण ती पहिल्यासारखी राहिली नव्हती. बाकीच्या पोरांमागं पळता पळता गुडघे गेले होते. उंबऱ्यावरून उठायला चौकट धरायला लागायची, पळणं तर लांबच. शिवाय तिचा मुलगा भिवंडीला असतो, तो कधीपासून तिला तिकडं चल म्हणत होता. या वेळी तिनं हो म्हटलं होतं. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा असते, ती झाली की जायचं ठरलं. घर भाड्यानं द्यायचं, सामान न्यायचं. म्हणजे आरू तिची शेवटची. गल्लीतलं कुठलंच पोर तिच्या हाताखालून न शिकता राहिलं नव्हतं, आणि हे शेवटचं अर्धवट टाकून जावं लागेल, याची तिला भिवंडीपेक्षा जास्त काळजी लागली. दिवसातून चारदा विचारायची, "चाकं काढली का?"

सुनीलनं पाना आणून चाकं काढली. टॉवेल त्यानं धरायचा, नरसक्कानं उंबऱ्यावर बसून ओरडायचं, असं ठरलं. माझी सून रूपाली दारात उभी, हळद-कापूस हातात घेऊनच. मी म्हटलं, "अजून पडली नाही, तोवर मलमपट्टी काढलीस?"

"आई, पडणारच आहे ना," ती म्हणाली.

आरू सायकलवर बसली, सुनील मागं, नरसक्का ओरडली, "तोक्कु! तोक्कु! समोर बघ बे!" आणि आरू निघाली. चांगली निघाली. माझ्या दारापासून दोन घरं गेली. सुनीलनं टॉवेल सैल सोडला, तिला कळलंही नसेल. नरसक्काचा आवाज अजून चढला. आणि तिसऱ्या घरापाशी आरूनं वळून मागं बघितलं. झालं. हँडल फिरलं, सायकल गटाराकडं, आणि आरूची हनुवटी दगडी पायरीवर. रक्त आलं. दवाखान्यात नेऊन टाके घालावे लागले.

रूपालीनं त्याच संध्याकाळी छोटी चाकं परत लावून घेतली. सुनीलनं पाना परत आणला. आरूनं हट्ट केला नाही, हे वाईट. टाके सुकले तशी नरसक्का परत मागं लागली. सुनीलनं पुन्हा चाकं काढली, पुन्हा तेच. निघायची बरी, आणि तिसऱ्या-चौथ्या घरापाशी मागं वळून बघायची. आता पडण्याआधी पाय टेकायची, एवढंच. नरसक्का ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची. "मागं काय तुझा नवरा यायलाय का? समोर बघ!" बायका हसायच्या. आरू लाल व्हायची.

मग आरू म्हणाली, "मला नाही शिकायची सायकल. मला लूना घ्या मोठी झाल्यावर."

लूना आता मिळत नाही, हे तिला सांगायचं राहून गेलं. मी तिला जेवायला वाढत होते. विचारलं, "मागं का बघतीस गं?"

ती भाकरी कुसकरत बसली. मग म्हणाली, "अक्काचा आवाज लांब जातो."

"मग?"

"मग मला कळतं, सगळे मागं राहिले."

मी तव्यावरची भाकरी काढायला विसरले. जळली. कारण मला ते लख्ख दिसलं. नरसक्का ज्या वेळी पळायची, त्या वेळी तिचा आवाज पोरांच्या पाठीशीच असायचा. पोर कितीही पुढं गेलं तरी "तोक्कु" कानाजवळच. सुनीलला तिनं टॉवेल कधी सोडला ते टोकाला गेल्यावर कळलं, कारण आवाज तसाच मागं होता. आता ती उंबऱ्यावर बसलेली. जेवढं पोर पुढं जाईल तेवढा आवाज मागं पडणार. ती जितक्या जोरानं ओरडेल, तितकं पोराला कळणार की आपण एकटे झालो. इतकी वर्षं जे औषध चाललं, तेच आता बाधत होतं.

मी हात पुसले आणि समोर गेले. नरसक्का विड्या मोजून त्यांचे कट्टे बांधत होती. मला गोड बोलता येत नाही, आणि तिच्याशी तर कधीच नाही. म्हटलं, "पोरगी तुझ्या ओरडण्यानं पडते."

"काय?"

"तू ओरडू नको. तोंड बंद ठेवलंस तर शिकेल."

तिनं कट्टा सुपात टाकला. "माझ्या ओरडण्यानं सगळी गल्ली शिकली. तुझा सुनील शिकला."

"तेव्हा तू मागं पळत होतीस. आता बसलीस." आणि आरू काय म्हणाली ते मी तिला जसंच्या तसं सांगितलं.

ती काही बोलली नाही. नरसक्का बोलली नाही म्हणजे काय, हे आमच्या गल्लीतल्याच माणसाला कळेल. तिनं सूप उचललं, चौकट धरून उठली आणि आत जाऊन दार लावलं. भर दुपारी. तिचं दार दुपारी लागलेलं मी पहिल्यांदा बघितलं. दुसऱ्या दिवशीही ती उंबऱ्यावर आली नाही, आत बसून वळत होती. शेजारणी मला विचारायला लागल्या, काय बोललीस तिला? मी म्हटलं, खरं ते बोलले. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण पोरगी पडण्यापेक्षा ती रुसलेली परवडली.

गड्डा उरकत आला. नरसक्काच्या घरात पोती बांधायला सुरुवात झाली. रविवारी सकाळी मी पीठ चाळत होते तर ती काठी टेकत बाहेर आली, कुणाची तरी मागून आणलेली असावी, तिच्या उंचीची नव्हती. माझ्याकडं न बघता ती पहिल्या घरापाशी गेली, मग दुसऱ्या. प्रत्येक दारात उभी राहून सांगत होती. तिला हळू बोलता येत नाही, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. "आज पोरगी सायकल चालवणार. कुणी बोलायचं नाही. हसायचं नाही. अगं म्हणायचं नाही, अयाई म्हणायचं नाही. काम करायचं असेल तर करा, नाहीतर आत बसा." सोहेलच्या आईला तिनं सांगितलं, "तुझ्या पोराच्या तोंडात काहीतरी घाल खायला." मागवाल्यांना तेलुगूत सांगितलं, आणि त्यांनी माग बंद केले तर त्यांना शिव्या दिल्या. "माग कशाला बंद केलं? माग चालू दे! गप्प झाली गल्ली तर पोरगी घाबरंल की!"

मग ती आमच्या दारात आली. "सुनीलची आई, काढ चाकं," म्हणाली. जणू काही झालंच नव्हतं.

आरू यायला तयार नव्हती. नरसक्कानं तिला समजावलं नाही. फक्त म्हणाली, "मी आज बोलणार नाही."

आरूनं तिच्याकडं बघितलं. "खरंच?"

"बघ की."

आणि ती आपल्या उंबऱ्यावर जाऊन बसली. सूप मांडीवर घेतलं. पदराचं टोक घेतलं, त्याचा बोळा केला आणि तोंडात धरला. दातांत घट्ट. हात विडी वळायला लागले.

सुनीलनं टॉवेल लावला. आरू बसली. मी चुलीपुढून उठून दारात आले, रूपाली माझ्या मागं. दोन्हीकडच्या उंबऱ्यांवर बायका बसलेल्या, कुणी निवडत होतं, कुणी नुसतं बसलं होतं, सगळ्या खाली बघत होत्या, जसं काही त्यांना सायकल दिसलीच नाही. सोहेल केळं खात होता. माग खडखडत होते. आरूनं पायडल मारलं.

पहिलं घर गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या घरापाशी मी दारातून पुढं वाकले. सुनीलनं टॉवेल सोडून दिला होता, टॉवेल तिच्या पाठीवरून सुटून रस्त्यावर पडला, तरी ती जात होती. हँडल थोडं डगमगलं. मी नरसक्काकडं बघितलं. तिचा चेहरा लालबुंद, गालफडं फुगलेली, मानेची शीर ताठ. ओरडणं आतून धक्के मारत होतं आणि ती पदर चावत होती. पहिल्यांदाच तिचे हात थांबलेले मी बघितले. एक पान अर्धं वळलेलं तसंच बोटांत होतं आणि त्यातली तंबाखू सांडत होती.

आरूनं मागं बघितलं नाही. ती गल्लीच्या टोकाला कारखान्याची भिंत आहे तिथपर्यंत गेली. तिथं वळायला आलं नाही, म्हणून थांबली, पाय टेकला, उतरली, सायकल उचलून उलटी केली, परत बसली आणि परत निघाली. आता समोरून येत होती, दात दाखवत, हनुवटीवर टाक्याचा व्रण. नरसक्काच्या उंबऱ्यापाशी आली आणि ब्रेक लावायचा विसरून तिच्या सुपाला धडकली. सूप पालथं. तंबाखू सगळीकडं, दोघीही शिंकायला लागल्या.

नरसक्कानं तोंडातला पदर काढला. पदराला दातांची भोकं पडली होती. "ब्रेक कोण मारंल?" ती गरजली. "तुझी आजी?"

मग सगळी गल्ली एकदम बोलायला लागली. सोहेल पळत आला आणि म्हणाला, "चल, मैदानपे." एवढंच. पोरं असलं काही साजरं करत नाहीत, पुढच्या कामाला लागतात. त्या दिवसापासून आरू संध्याकाळी घरात सापडेनाशी झाली.

नरसक्का गेली ती त्यानंतरच्या आठवड्यात. भिवंडीचा टेम्पो संध्याकाळी आला, रात्रभर जाऊन सकाळी पोचणार होता. पलंग, ट्रंक, भांड्यांची पोती चढली. नरसक्कानं सगळ्यांचा निरोप घेतला, म्हणजे प्रत्येकीला काहीतरी बोलून घेतलं. मी तिला कडक भाकरीची थप्पी बांधून दिली. तिनं एक मोडून तिथंच खाल्ली. "छाट नाही," म्हणाली. ती इतकी वर्षं माझी भाकरी खात आली, पण हे पहिल्यांदा म्हणाली.

मग इकडंतिकडं बघत विचारलं, "आरू कुटं आहे?"

"पोरांबरोबर गेली," मी म्हटलं.

"सायकलवर?"

"मग काय चालत?"

रूपालीला वाईट वाटलं. "थांबा अक्का, मी पळत जाऊन घेऊन येते. तुम्हाला भेटल्याशिवाय कसं?"

"कशाला?" नरसक्का म्हणाली. "चालवायलीय ना? मग चालत्या सायकलवरून उतरवू नको तिला."

तिला वाईट वाटलेलं मला दिसलं नाही. उलट ती खुशच दिसली. पोरगी घरी सापडत नाही, म्हणजे तिचं काम झालेलं होतं. तिच्या मुलानं टेम्पोचं दार उघडलं, तिला वर चढवायला हात दिला. पण ती चढेना. टेम्पोनं गल्ली सगळी अडवली होती, दोन्ही बाजूंनी जेमतेम एक माणूस अंग चोरून निघेल एवढीच जागा.

"हा हितं उभा राहिला, आणि पोरं आता सायकली घेऊन येतील, ती कुटनं जातील?" तिनं ड्रायव्हरला विचारलं.

"आजी, पाच मिनिटांत निघतोच की."

"पाच मिनिटं नाही. आत्ता मागं घे, चौकात लाव. मी तितं येऊन बसते."

"अम्मा, तुला चालवत नाही," तिचा मुलगा म्हणाला. पुढं तेलुगूत बरंच काही म्हणाला. तिनं ऐकलं नाही. ड्रायव्हरनं हताश होऊन रिव्हर्स टाकला.

मी दारात उभी होते. टेम्पो हळूहळू उलटा चौकाकडं सरकायला लागला, आणि त्याच्या मागं, एक हात गुडघ्यावर आणि एक हात वर करून, नरसक्का उलट्या पावलांनी चालत होती. गल्लीभर तिचा आवाज. "येऊ दे! येऊ दे! डावीकडं घे बे! घाबरतो काय, मी आहे की मागं!"